दुसरी बरणी

वही इतकी देखणी होती, की टेबलावर ती उघडली गेली तेव्हा संहिताला ती आपली वाटलीच नाही. खाकी कव्हर, त्यावर पांढरं लेबल, लेबलावर निळ्या शाईत 'संहिता अभिजित दाभाडे', आणि आत एकही खाडाखोड नसलेली चाळीस-पन्नास पानं. पट्टीने आखलेले तक्ते, प्रत्येक तारखेखाली लाल रेघ. असलं अक्षर संहिताला या जन्मी जमलं नसतं. तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि तिला त्याचं काडीचंही दुःख नव्हतं.

अक्षर आईचं होतं.

नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरातल्या त्या मोठ्या हॉलमध्ये तेवीस देशांतली मुलं आपापले प्रयोग मांडून बसली होती. कुणी तैवानहून आलेलं, कुणी घानाहून. संहिता आलेली तिथल्याच बेस्ट नावाच्या गावाहून, म्हणजे गाडीने तासाभरावरून. बाकीची मुलं हॉस्टेलवर गादीसाठी भांडत होती आणि ही सोळा वर्षांची बाई रोज संध्याकाळी घरी जाऊन वरणभात खात होती. त्यावरून तिला दोन दिवस भरपूर चिडवून झालं होतं, आणि तिनेही ते हसून घेतलं होतं.

आज शनिवार, परीक्षणाचा दिवस. टेबलापुढे दोघं परीक्षक उभे होते. एक फान डाइक नावाच्या उंच, पांढऱ्या केसांच्या डच बाई, आणि दुसरे एक बेल्जियन गृहस्थ, जे फक्त लिहून घेत होते. जरा मागे भिंतीला टेकून आई उभी होती, मंजूषा दाभाडे. तिचा चेहरा असा फुललेला, जणू परीक्षण वहीचंच चाललं होतं. सकाळी परीक्षक शेजारच्या टेबलावर असताना तिने पिशवीतून वही काढून लेकीच्या हातात ठेवली होती आणि 'बघ तरी' म्हणाली होती. बघायला वेळ होता कुणाला? संहिताने ती न उघडताच टेबलावर ठेवून दिली. तिथेच घोळ झाला.

प्रयोग तसा साधा होता. हिवाळ्यात रस्ते निसरडे होऊ नयेत म्हणून नगरपालिका त्यांवर मीठ टाकते. पाऊस आला की ते मीठ वाहत रस्त्याकडेच्या चरांत जातं. त्या चरांच्या पाण्यावर टिकलीहून बारीक हिरव्या पानांचं एक तण तरंगत असतं, डच लोक त्याला क्रोस म्हणतात. संहिताने घरामागच्या चरातून ते गाळणीने काढून आणलं आणि शेडच्या खिडकीत पाच बरण्या मांडल्या. बरण्या लोणच्याच्या, आईकडून मागून घेतलेल्या. पहिलीत बिनमिठाचं पाणी, दुसरीत चिमूटभर मीठ, मग वाढवत वाढवत पाचवीत सगळ्यात जास्त. एक्केचाळीस दिवस, शाळेतून आल्यावर सायकल भिंतीला टेकवायची, दप्तरही न काढता शेडमध्ये शिरायचं आणि भिंगातून पानं मोजायची. एकेक पान. थंडीने बोटं वाकडी होईपर्यंत.

मीठ जितकं जास्त तितकी पानं कमी, असंच कुणीही म्हणेल. तिसरी, चौथी, पाचवी बरणी गुमान तशी वागली. दुसरी वागली नाही. चिमूटभर मीठ पडलेल्या त्या बरणीत पानं बिनमिठाच्या बरणीपेक्षा भराभर वाढली. शेवटच्या दिवशी पहिलीत दोनशे बारा आणि दुसरीत दोनशे सत्त्याऐंशी. संहिताने लेबलं तपासली, पाणी तपासलं, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. आकडा तोच. त्या दिवशी ती शेडमध्ये एकटीच हसत उभी राहिली होती. मग पोस्टर करताना तिने सगळ्यात मोठ्या अक्षरात एकच प्रश्न छापला, 'दुसऱ्या बरणीत काय चाललंय?' तिचा अख्खा प्रयोग त्या प्रश्नावर उभा होता.

फान डाइकबाईंनी वहीचं शेवटचं पान पाहिलं, पोस्टर पाहिलं, पुन्हा वही पाहिली. मग मधली चार-पाच पानं चाळली आणि वही फिरवून संहितासमोर धरली. वहीत पहिल्या बरणीपुढे दोनशे सत्त्याऐंशी होते आणि दुसरीपुढे दोनशे बारा. शेवटच्याच पानावर नव्हे, सगळ्या पानांवर पहिली आणि दुसरी बरणी एकमेकींच्या जागी जाऊन बसल्या होत्या.

"पोस्टर एक सांगतं आणि वही बरोबर उलट," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "यातलं खरं कुठलं?"

संहिता म्हणाली, पोस्टर. मग वही कुणाची, असं बाईंनी विचारलं. एक्केचाळीस दिवस, एकच पेन, एकच हात, एक डाग नाही. ही रोज लिहिलेली वही नाही, हे कुणालाही दिसेल, असंही त्या म्हणाल्या. संहिताच्या कानांतून वाफा निघायला लागल्या होत्या. तिने मागे वळून आईला हाक मारली आणि विचारलं, माझी वही कुठंय?

"हीच की," आई म्हणाली. "फेअर करून दिली. रफ टाकली मी कागदाच्या डब्यात. गुरुवारी कचऱ्याची गाडी घेऊन गेली."

आता बोला.

त्या रफ वहीत काय नव्हतं? चरातल्या पाण्याचे डाग होते, तीन वेगवेगळी पेनं होती, एके दिवशी पेन गोठलं म्हणून पेन्सिल होती. एकविसाव्या दिवशी चौथ्या बरणीतली पानं अचानक कमी झाली, कारण क्रोसबरोबर एक गोगलगाय आत आली होती आणि निवांत जेवत होती. ती तांदळाएवढी गोगलगाय संहिताने सेलोटेपने त्या पानावर चिकटवून ठेवली होती, पुरावा म्हणून. खाली लिहिलं होतं, 'हिने खाल्लं.' ते सगळं आता कुठल्या तरी कारखान्यात लगदा होऊन पडलं होतं, गोगलगायीसकट.

फान डाइकबाई आवाज न चढवता म्हणाल्या की हे गंभीर आहे. मूळ नोंदी नाहीत, आहेत त्या बदललेल्या, आणि पोस्टरवरचा निष्कर्ष त्यांच्या उलट. समिती दोन वाजता बसेल. आकडे बनावट ठरले तर प्रकल्प बाद होईल आणि शाळेला तसं पत्र जाईल. बेल्जियन गृहस्थांनी तेही लिहून घेतलं आणि दोघं पुढच्या टेबलाकडे गेले.

संहिताने आईच्या दंडाला धरलं आणि तिला बाहेर सायकलींच्या स्टँडपाशी नेलं. गाडी लावून येत असलेला बाबा तिथेच भेटला. काय झालं हे कळल्यावर अभिजितचं पहिलं वाक्य होतं, आपण त्यांना नीट समजावून सांगू. चिप बनवायच्या मशिनवर काम करणारा तो माणूस, जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मीटिंग घेता येते असं त्याला वाटायचं. संहिताने त्याला गप्प राहायला सांगितलं, आणि तो चक्क राहिला.

रागात तिला मराठी सुचायची नाही. तळपायाची आग मस्तकात गेली की तोंडातून डच बाहेर पडायची. आईला सगळं कळायचं असं नाही, पण आज कळायला शब्दांची गरज नव्हती. तू माझ्या वहीला हात का लावलास, मी फक्त कव्हर घालायला दिली होती, तुला कुणी सांगितलं होतं, आणि आकडे, आकडे का बदललेस, असं ती ओरडत राहिली. शेजारी सायकलचं कुलूप काढणारा एक म्हातारा कुलूप काढायचं विसरून बघत राहिला.

मंजूषाला आधी खरंच समजेना की आपलं चुकलं काय. पुण्यात तिने बी.एस्सी. केलं होतं, फिजिक्स. तिच्या काळी प्रॅक्टिकलला रफ वही आणि फेअर जर्नल वेगळं असे. रफ वही सरांना दाखवायची काय, नुसती टेबलावर दिसली तरी बोलणी बसत. जर्नल सुवाच्य, आखीव, सही-शिक्क्याचं. परीक्षेला बाहेरचे सर आले की तेच पुढे ठेवायचं. घरातल्या गाउनवर कुणी लग्नाला जातं का? मंगळवारी ती वास मारणारी, मेलेली गोगलगाय चिकटवलेली वही हातात आली तेव्हा तिला वाटलं, हे तेवीस देशांसमोर ठेवणार? पाळणाघरातल्या नोकरीतून तिने बुधवारची सुट्टी टाकली आणि पाठीचा काटा ढिला होईपर्यंत लिहिलं. लेक बघून खूश होईल, एवढंच डोक्यात.

"आणि ते आकडे?" संहिताने या वेळी मराठीत विचारलं.

"मला वाटलं तुझी लेबलं बदलली," आई म्हणाली. "मिठाच्या पाण्यात जास्त कसं वाढेल? पोरीने घाईत उलटसुलट चिकटवलं असेल म्हटलं. मी नीट केलं."

नीट केलं! संहिताच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एक्केचाळीस दिवस जी एक गोष्ट तिने शोधली होती, तीच तेवढी या बाईने चूक म्हणून पुसली होती, आणि वर पट्टीने रेघा मारल्या होत्या. ती आईला म्हणाली की तू माझ्याबरोबर आत येऊ नकोस. मग वळून एकटीच आत गेली.

दोनपर्यंत तिने काही खाल्लं नाही. शेजारच्या घानाच्या मुलीने अर्धं सँडविच पुढे केलं, तेही तसंच राहिलं.

समितीची खोली वरच्या मजल्यावर होती. फान डाइकबाई मधे, दोन्ही बाजूंना एकेक जण. संहिताने लॅपटॉपवरची फाइल उघडून दाखवली, ज्यावरून तिने पोस्टरचे आलेख काढले होते. त्यांनी ती पाहिली आणि सांगितलं की ही एकाच दुपारी बसून भरलेली आहे, ही मूळ नोंद धरता येत नाही. ते खरंच होतं. तिने बरण्यांचे फोटो दाखवले, पण फोटोत कुणाला पानं मोजता येणार? तिने गोगलगायीची गोष्ट सांगितली. पेन गोठलं त्या दिवसाची तारीख सांगितली. एकजण किंचित हसला, आणि ते हसू तिला सुईसारखं टोचलं.

तेवढ्यात दार वाजलं आणि आई आत आली. नको म्हटलं होतं तरी आली. परवानगीही मागितली नाही, सरळ टेबलापाशी येऊन उभी राहिली आणि डचमध्ये बोलायला लागली. नगरपालिकेच्या वर्गात शिकलेली तिची डच, शब्द सुटे सुटे, क्रियापद भलतीकडेच. एरवी दुकानात आई असं बोलायला लागली की संहिता पुढे होऊन बोलायची. आज ती जागची हलली नाही.

"वही मी लिहिली," मंजूषा म्हणाली. "आकडे मी बदलले. माझी मुलगी खोटं बोलत नाही."

इतकंच. मग ती हात पुढे बांधून उभी राहिली, जणू सरांच्या टेबलापाशी.

फान डाइकबाईंनी मान डोलावली. वाईट बाई नव्हत्या त्या, उलट फार समजूतदार होत्या, आणि तीच तर पंचाईत होती. त्या मवाळ आवाजात म्हणाल्या की आम्हाला समजतं. तुमच्याकडच्या कुटुंबांत हे नेहमी दिसतं, पालकांना यशाची फार घाई असते, मुलांना बक्षीस मिळावं म्हणून ते मधे पडतात. त्या आईकडे बघून दयेने हसल्याही.

संहिता सकाळपासून आईवर जळत होती. पण त्या हसण्याने तिच्या डोक्यात अशी तिडीक गेली, की खुर्ची मागे पडली तरी तिला कळलं नाही.

"तिला बक्षीस नको होतं," ती म्हणाली, अस्सल ब्राबांटच्या, म्हणजे बेस्टकडच्या गावरान डचमध्ये. "तिला वाटलं माझी चूक झाली. ती तुमच्यासमोर जाऊ नये म्हणून तिने झाकली. हे चुकीचं आहे, आणि मी तिच्यावर तुम्हा तिघांपेक्षा जास्त चिडलेय. पण तुमच्याकडची म्हणजे कुठली? मी बेस्टची आहे, मॅडम. ते मीठ माझ्या रस्त्यावर पडतं."

फान डाइकबाई लाल झाल्या. मग त्यांनी माफी मागितली, नीट, नाव घेऊन, संहिताची आणि आईची वेगवेगळी. हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण माफीने वही परत येत नव्हती. दहा मिनिटांनी निर्णय सांगितला. बनवाबनवीचा ठपका नाही, शाळेला पत्र नाही. मात्र मूळ नोंदी नसलेला प्रकल्प स्पर्धेत राहू शकत नाही. लोकांना बघायला टेबल उद्यापर्यंत मांडून ठेवायचं असेल तर ठेवावं. नियम सगळ्यांना सारखा, असं बाई म्हणाल्या. संहिताला त्यावर भांडायला काही सापडेना, आणि भांडायला काही न सापडण्यासारखा दुसरा संताप नाही.

खाली आल्यावर तिने टेबलावरचा स्पर्धेचा क्रमांक काढून टाकला. ती सुंदर वही तिने उघडली, लाल पेन घेतलं आणि पहिल्या पानापासून पहिल्या दोन रकान्यांवर फुल्या मारायला सुरुवात केली. फुली मारायची, बाजूला आपल्या कोंबडीच्या पायांनी खरा आकडा लिहायचा, लॅपटॉपकडे बघायचं, पुढची फुली. कागद फाटेल इतका जोर लावत होती. तारखांखालच्या त्या देखण्या रेघांवरूनही पेन जात होतं.

अभिजित काहीतरी म्हणायला पुढे झाला, पण मंजूषाने त्याला कॉफी आणायला पाठवलं. मग ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूच्या खुर्चीत बसली. बराच वेळ ती आपल्या अक्षरावर पडणाऱ्या फुल्या बघत होती. एकदाही थांबवलं नाही.

"दुसऱ्या वर्षाला लंबकाचा प्रयोग होता," ती म्हणाली. "गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा. नऊशे ऐंशीच्या जवळपास यायला हवा, सगळ्यांना ठाऊक असतो तो. माझा आला नाही. तीनदा केला. सर म्हणाले, शेजारणीचं बघ आणि लिही, वेळ घालवू नकोस. मी नऊशे एकोणऐंशी लिहिलं. दहापैकी नऊ मिळाले, वर 'छान' असा शेरा."

संहिताने मान वर केली नाही. तिचा राग कमी झाला नव्हता, आणि असल्या जुन्या गोष्टीने तो कमी व्हावा अशी आईची अपेक्षा असेल तर तिने ती सोडून द्यावी, असं तिला स्पष्ट सांगायचं होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"तुझा किती आला होता?"

"नऊशे एक्केचाळीस."

लगेच. आठवायला क्षणही लागला नाही. संहिताचं पेन थांबलं. त्या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली होती. या बाईला घराची किल्ली कुठे ठेवली ते दुपारी आठवायचं नाही, घरच्या वायफायचा पासवर्ड तिने कितीदा विचारला असेल.

"का चुकला होता?" संहिताने विचारलं.

"ते कुणी विचारलंच नाही गं मला," आई म्हणाली. "चुकला होता की दुसरंच काही होतं, तेही नाही कळलं. दोरी असेल, घड्याळ असेल. सरांनी नाही विचारलं, मग मीही सोडून दिलं." तिने टेबलावरचा एक कागदाचा कपटा उचलून बोटांत गुंडाळला. "आणि बुधवारी मी तुलाही नाही विचारलं. तू वर खोलीत होतीस. जिना चढून एकदा विचारायचं होतं मी. सरळ बदललं."

माझं चुकलं असं तिने म्हटलं नाही, आणि संहिताला ते ऐकायचंही नव्हतं. तिला काय हवं होतं ते तिला त्या क्षणी कळलं, आणि कळल्याबरोबर डोळ्यांत पाणी आलं, म्हणून ती आणखीच चिडली.

"मग आता विचार," ती म्हणाली.

मंजूषाने खुर्ची पुढे ओढली. पोस्टरवरचा तो मोठा प्रश्न तिने पहिल्यांदाच नीट वाचला. आलेख पाहिला, दुसऱ्या बरणीची वर वर जाणारी रेघ बोटाने शेवटपर्यंत धरली. फिजिक्स शिकलेल्या बाईसारखा तिने मधे दोन ठिकाणी बोट थांबवून विचारही केला.

"मिठाच्या पाण्यात जास्त का वाढलं?" तिने विचारलं.

"माहीत नाही," संहिता नाक पुसत, चिडून म्हणाली. "तेच तर शोधत होते ना मी."

मग तिने वही दोघींच्या मधे सरकवली, लॅपटॉप आईकडे फिरवला आणि तिला पुढचा आकडा वाचून दाखवायला सांगितलं.